गाइड निघावा, घर राहावे

सकाळी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले आणि पाठीमागच्या नळीतून निळसर धुराचा लोट निघाला. मिनिटभरात तो विरलाही, म्हणून मालकाने दुर्लक्ष केले. महिनाभराने तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. कुठे गळती नाही, जमिनीवर डाग नाही. मग तेल गेले कुठे? पोखर्णीहून परभणीला दुरुस्तीसाठी येणाऱ्या जुन्या गाडीचा हा प्रश्न शहरातल्या कोणत्याच मिस्त्रीला नवा नसतो. ‘तेल खातीय’, एवढ्या दोन शब्दांत तो निदानाला सुरुवात करतो.

पोखर्णी हे परभणी जिल्ह्यातले नृसिंहाचे गाव. परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे स्थानकही देवाच्या नावासकट ‘पोखर्णी नृसिंह’ म्हणूनच ओळखले जाते. अशा गावात गाडी ही हौस नसते. दवाखाना, बाजार, मुलांचे शिक्षण आणि दर्शनाला येणारे पाहुणे या सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. ती अडली की घर अडते. नवी घेण्याची ऐपत नसते, म्हणून जुनेच इंजिन उतरवून ‘बांधून’ घ्यावे लागते. रमजानचा शेवटचा आठवडा आला की या कामांची घाई वाढते. कुणाला ईदच्या आधी गावी पोहोचायचे असते, कुणाला लग्नसराईच्या आधी गाडी हवी असते. मिस्त्री रोजाने असतो, गिऱ्हाईक घाईत असते. नेमक्या याच वेळी संयमाचा कस पाहणारे एक काम समोर येते, ते म्हणजे सिलिंडर हेडमधले झिजलेले व्हॉल्व्ह गाइड काढण्याचे.

बोटभर नळीचे काम

इंजिनात हवा आत घेणारे आणि जळलेला धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. गॅरेजच्या भाषेत ‘वाल’. वालची दांडी ज्या बोटभर लांबीच्या नळीतून वरखाली होते, ती नळी म्हणजे गाइड. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वाल मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी त्याने आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, अगदी बरोबर टेकायचे असते. त्याला सरळ रेषेत ठेवण्याची जबाबदारी गाइडची.

बऱ्याच गाड्यांत हा गाइड बिडाचा असतो. हे बीड म्हणजे शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. काही गाड्यांत तो फॉस्फर ब्राँझचा असतो. वर्षानुवर्षे घासून त्याचे भोक मोठे आणि लंबगोल होते. मग वाल डुलू लागतो, सीटवर तिरका टेकतो, कॉम्प्रेशन जाते. रात्रभर दांडीशेजारून झिरपलेले तेल सकाळी जळते आणि तोच निळा धूर म्हणून दिसतो. उतारावर पाय काढला की इंजिन आतली हवा जोराने ओढते आणि त्याबरोबर तेलही ओढले जाते. पुन्हा पाय दिला की धूर.

पण प्रत्येक निळा धूर गाइडचाच नसतो. दांडीवरचे रबरी सील कडक झाले असेल तरी तेल जाते आणि सील बदलणे हे त्यामानाने स्वस्तातले काम आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर नुसत्या हेडवर खर्च करून उपयोग नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी कॉम्प्रेशन तपासतो. हेड उतरल्यावर वाल सीटवरून थोडा उचलून आडवा हलवून पाहतो आणि तो किती डुलतो ते मोजतो. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त डुलत असेल तरच गाइडला हात घालतो. गिऱ्हाइकाला यातले काही कळत नसते. गाडी त्याने विश्वासाने सोपवलेली असते. अशा सोपवलेल्या वस्तूला उर्दूत ‘अमानत’ म्हणतात आणि हा शब्द मराठीलाही परका नाही.

घर सांभाळायचे

गाइड ज्या भोकात घट्ट बसवलेला असतो, त्याला कारागीर ‘घर’ म्हणतात. बटणाचे असते तसे घर. या कामाचे सारे मर्म या एका शब्दात आहे. गाइड झिजलेला आहे, तो जाणारच आहे. त्याच्या जागी नवा मिळतो. घर मात्र हेडमध्येच कोरलेले असते. गाइड काढताना त्यावर खोल ओरखडा पडला तर नवा गाइड पक्का बसत नाही. मग घर मोठे करून जाड मापाचा गाइड शोधावा लागतो आणि तेही साधले नाही तर हेडच बदलावे लागते. जुन्या गाडीचे हेड शोधायला निघालेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

उदाहरणादाखल पद्मिनी घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली. इंजिन १०८९ सीसीचे, सिलिंडर चार, वाल आठ, म्हणून गाइडही आठ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून दिसतात. तिचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. मऊ धातूत कठीण नळी, म्हणून जोखीम जास्त.

काम हातोडीने नाही, मोजपट्टीने सुरू होते. गाइड वरच्या बाजूला किती बाहेर डोकावतो, ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवायचे. नवा तेवढाच बसवायचा आहे आणि जुना निघाल्यावर ही खूण उरत नाही. वाल काढण्याआधी दांडीच्या टोकाला ठोकून ठोकून आलेली धार कानशीने घासायची. प्रत्येक वालला नंबर द्यायचा. गाइडला कॉलर आहे का, खाचेत क्लिप आहे का, ते पाहायचे. बऱ्याच इंजिनांत गाइड खालून, म्हणजे जिथे इंधन जळते त्या बाजूने, वर स्प्रिंगकडे ठोकतात. पण कॉलरचा गाइड ज्या वाटेने बसला त्याच वाटेने परत येतो. उलट्या बाजूने ठोकलात तर घरच फुटेल.

पुढे काजळी. गाइडचे खालचे टोक धुराच्या वाटेत असते, तिथे दगडासारखा कार्बन साचतो. तो तसाच ठेवून गाइड वर ओढला तर ती काजळी घराला कानशीसारखी सोलत जाते. म्हणून ती आधी खरवडायची, सांध्यावर गंज सोडवणारे पातळ तेल सोडायचे आणि ते मुरेपर्यंत थांबायचे. हेड तापवण्याआधी हे तेल स्वच्छ पुसायचे, नाहीतर ते पेट घेते.

मग उष्णता. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. १४ मिलिमीटर व्यासाचे घर १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०३२ मिलिमीटरने मोठे होते. आतला बिडाचा गाइड मात्र ०.०१५ ने. फरक उरला ०.०१७ मिलिमीटर. डोक्याचा केस याच्या साधारण चौपट जाड असतो. पण एवढ्याशा फरकाने पकड सैल होते आणि गाइड घर न सोलता सरकतो. हेड सगळीकडून सारखे तापायला हवे, म्हणून भट्टी बरी. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर हेड वाकते. पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडाला, की धातूने शंभर अंश ओलांडले असे समजायचे.

ठोकण्याचा पंच दोन मापांचा हवा. पुढचा बारीक भाग गाइडच्या भोकात सैलसर जाणारा आणि मागचा गाइडच्या बाहेरच्या मापाहून किंचित कमी. साधा सपाट पंच वापरला तर गाइडचे टोक छत्रीसारखे पसरते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तो जास्तच अडकतो. हेड लाकडी ठोकळ्यांवर सपाट ठेवायचे आणि गाइडच्या खाली वाट मोकळी ठेवायची. डोळ्यांवर चष्मा लावायचा, कारण बिडाची कपची उडते. हातप्रेस असेल तर उत्तमच.

आठवा गाइड

समजा, सात गाइड निघाले आणि आठवा अडला. इफ्तारला अर्धा तास आहे. घशाला कोरड, समोर तापलेले हेड आणि फोनवर मालक: “मिस्त्री, उद्याच्याला देता का?” अशा वेळी दोन जोरकस घाव घालण्याचा मोह होतो. त्या दोन घावांत सात गाइडांची मेहनत वाया जाऊ शकते.

जाणकार इथे हातोडी खाली ठेवतो. “मालक, एक दिवस जास्तीचा लागेल. घाईत घर गेलं तर हेड गेलं,” असे स्पष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी हेड मशीनवर बांधून तो गाइड आतून कोरला जातो. कोरत कोरत नळीची भिंत कागदासारखी पातळ झाली की तिचा जोर संपतो आणि हलक्या दाबानेच ती बाहेर येते. घराला धक्का लागत नाही. या कामाची मजुरी वेगळी पडते, पण ती आधी सांगितलेली असते. काही चांगल्या वर्कशॉपमध्ये तर ठोकाठोक टाळून आठही गाइड असेच काढतात.

पुढचे काम बसवण्याचे. घर मोजायचे, नवा गाइड बर्फात गार करायचा, हेड तापवायचे, लिहून ठेवलेल्या उंचीवर गाइड दाबायचा आणि मग रिमरने भोक मापात आणायचे. नव्या गाइडची मध्यरेषा जुन्यापेक्षा केसभर तरी हलते, म्हणून सीट पुन्हा कापावीच लागते. गाइड बदलून सीट तशीच ठेवणारा अर्धेच काम करतो. शेवटी पेस्ट लावून वाल आणि सीट एकमेकांवर घासायचे आणि रॉकेल ओतून गळती पाहायची.

हे घासणे आजकालचे नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरच्या दरबारी असलेला यंत्रकार अल-जझरी याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्याच्या यंत्रांचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका कुरुंदाच्या भुकटीने एकमेकांवर घासून पाणी न गळेल अशा बसवण्याची रीत आहे. मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजचा शागीर्द हातात काठी फिरवत वाल घासतो, तेव्हा तो तेच काम करत असतो.

गाडी परत घेताना मालकानेही थोडे सावध असावे. काढलेले जुने गाइड मागून घ्यावेत, सीट कापली का ते विचारावे, आणि पहिल्या काही दिवसांत तेलाची पट्टी रोज पाहावी. सकाळी किल्ली फिरवल्यावर मागे धूर दिसला नाही, म्हणजे काम झाले. मग कुणी ईदला गावी निघतो, कुणी घरच्यांना घेऊन नृसिंहाच्या दर्शनाला. बोटभर आठ नळ्या आता सरळ आहेत, हे दोघांच्या लक्षातही येत नाही. मिस्त्रीच्या मात्र तो आठवा गाइड पुढे बरेच दिवस लक्षात राहतो.