कमरेला पिस्तूल बांधण्यापूर्वी



वसुलीचा दिवस संपतो, गल्ला पिशवीत भरला जातो आणि दुकानाचे शटर खाली येते. त्या वेळी मनात थोडी धाकधूक होत नाही असा व्यापारी विरळाच. सराफ, कापडाचे ठोक व्यापारी, गावोगावच्या बाजारात फिरून उधारी गोळा करणारे, यांपैकी काहींनी शस्त्राचा परवाना घेतला आहे, काही घेण्याच्या विचारात आहेत. परवाना हाती आला की पहिला प्रश्न असतो, ‘कोणते घ्यावे?’ मग विक्रेता जे दाखवेल ते, किंवा मित्राकडे आहे ते घेतले जाते.

मीही तेच केले होते. चांगले मोठे, जड रिव्हॉल्व्हर घेतले. आठ दिवसांत ते कमरेला टोचू लागले. मग ते पिशवीत गेले, नंतर गादीखालच्या खणात. एका जुम्याला वुजू करताना ते काढून कोटात गुंडाळले आणि कोट हौदाच्या कठड्यावर ठेवला. पाय धुऊन मान वर केली तर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कोट उचलून खिसे चाचपत होता. अल्लाहने वाचवले. पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की समजली. जे शस्त्र अंगावर सुखाने राहत नाही, ते शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागते. म्हणून शस्त्र निवडताना किती मोठे, किती महाग हे नंतर पाहावे. दिवसभर, झाकलेले आणि विसर न पडता अंगावर ठेवता येईल का, हे आधी पाहावे.

आधी गरज तपासा

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सर्व जाणतो. व्यापाऱ्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे रोकड कमी करणे. आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. बँकेत रोज भरणा करा, रोज एकाच वाटेने व एकाच वेळी जाऊ नका, सोबत माणूस ठेवा, वाहतुकीतील रोकडीचा विमा उतरवा. एवढे करूनही धोका उरत असेल तरच शस्त्राचा विचार करावा. ज्याला पटकन राग येतो, ज्याच्या घरात भांडणे आहेत किंवा ज्याला सरावाला वेळ नाही, त्याने न घेणेच शहाणपणाचे.

कायदा काय देतो

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे त्यावर लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन सुरतेला माल आणायला जाताना शस्त्र सोबत नेले तर तो गुन्हा होतो. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. म्हणून कोणी ‘स्वस्तात मिळते’ म्हणून कट्टा दाखवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो कट्टा चोराआधी तुमचेच घर बुडवील.

नियमात आणखी एक गोष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी छोटे शस्त्र म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे. मिरवणे, दाखवणे चालत नाही. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा शस्त्र कपड्याखाली सुखाने झाकले जाते का, हा प्रश्न सोयीचा आहे आणि कायद्याचाही.

कोणती शस्त्रे मिळतात

९ मि.मी., .३८ आणि .४५ हे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. आपल्यासाठी मुख्यतः .३२ आणि .२२ उरतात. परदेशी माल वैयक्तिक वापरासाठी आणणे १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बाजारात जुने विलायती पिस्तूल आले तर त्याची किंमत नावाची असते, कामाची नव्हे.

सरकारी कारखान्यांचा माल कानपूर आणि ईशापूर येथून येतो. .३२ चे नेहमीचे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे असते. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर आले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती. ईशापूरचे ‘निडर’ हे .२२ चे रिव्हॉल्व्हर सुमारे २५० ग्रॅमचे आहे. .३२ चे चपटे पिस्तूलही मिळते.

एक खबरदारी घ्या. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब आणि बुडाशी ठळक कड असलेले, पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात घालू नये. पावती घेण्यापूर्वी डबी उघडून पाहा.

वजन बांधून पाहा

कापड घेताना आपण ठाण उलगडून हात फिरवून पाहतो, मग शस्त्र न पाहता कसे घ्यावे? दुकानातल्या तराजूची वजने घ्या. अर्धा किलोचे वजन एका कापडी पिशवीत शिवून पट्ट्याला कमरेजवळ बांधा आणि दोन दिवस नेहमीची कामे करा. मग त्यात २०० ग्रॅमची भर घालून आणखी दोन दिवस. गादीवर मांडी घालून बसा, ठाण उचला, जिना चढा, स्कूटर चालवा, जेवा. दुपारनंतर हात आपोआप पट्टा सैल करायला जात असेल तर ते वजन तुमच्यासाठी नाही. काडतुसे भरल्यावर शस्त्राचे वजन आणखी वाढते, तेही धरून चाला.

हलके तेच चांगले असेही नाही. शस्त्र जितके हलके तितका हाताला धक्का जास्त. मूठ फार आखूड असली तर करंगळी खाली लोंबते आणि पकड सुटते. नळी आखूड असली की नेम धरण्याची दोन टोके जवळ येतात, म्हणजे हाताची थोडी चूक निशाण्यावर मोठी होते. म्हणून सगळ्यांत लहान ते घेऊ नका. दिवसभर सोसवेल अशांपैकी हातात नीट बसेल ते घ्या.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रिव्हॉल्व्हरची चक्री जाड असते, ती कुर्त्याखालून फुगवटा दाखवते. पिस्तूल चपटे असल्याने अंगाशी लागून राहते. झाकण्याच्या सोयीत पिस्तूल सरस.

पण दुसरी बाजू पाहा. रिव्हॉल्व्हरला खटके कमी. एका हाताने काढले आणि चाप जोर लावून पूर्ण ओढला की चालते, आणि चाप जड असल्यामुळे चुकून ओढला जाण्याची भीती कमी. पिस्तुलात मॅगझीन, खटका आणि वरचा सरकता भाग, इतके सांभाळावे लागते. जुन्या बनावटीच्या पिस्तुलात नळीत काडतूस ठेवून फिरणे धोक्याचे, कारण ते खाली पडल्यास सुटू शकते. नळी रिकामी ठेवली तर वेळ येताच सरकता भाग ओढायला दोन्ही हात लागतात. आपल्या डाव्या हातात तर रोकडीची पिशवी असते! ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांना हा भाग ओढताही येत नाही.

माझे मत असे. जो महिन्यातून एकदा तरी सराव करील, ज्याचे हात धड आहेत, त्याने पिस्तूल घ्यावे. बाकीच्यांनी हलके रिव्हॉल्व्हर. .२२ चा मार कमी असतो, पण ज्याला त्याहून जड शस्त्र पेलत नाही त्याने खणात पडून राहणारे मोठे शस्त्र घेण्यापेक्षा तेच घ्यावे.

म्यान, पट्टा आणि नमाज

पायजम्याची नाडी हे वजन पेलत नाही. कुर्त्याखाली जाड चामड्याचा पट्टा हवाच. म्यान असे असावे की चाप पूर्ण झाकलेला राहील आणि वाकल्यावर शस्त्र घसरणार नाही. नुसते खिशात, किल्ल्या आणि चिल्लरीसोबत, कधीही ठेवू नये. पोटावर बांधले तर मांडी घातल्यावर मूठ बरगडीत घुसते. बहुतेकांना उजव्या कुशीच्या किंचित मागे ठेवणे सोयीचे पडते.

रुकूत मात्र मागचा कुर्ता वर ओढला जातो आणि मूठ उघडी पडते. म्हणून खरेदीपूर्वी रिकामे शस्त्र आणि म्यान लावून घरी दोन रकअतांच्या हालचाली करून पाहा. सजद्यात ते सरकले, तर म्यान बदला. वुजू करतानाही ते कमरेलाच राहिले पाहिजे. प्रत्येक वेळी काढावे लागत असेल तर निवड चुकली. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कोणाला इजा होऊ नये, असा हदीसचा आदेश आहे. आजच्या काळात झाकलेला चाप म्हणजेच ते धरलेले टोक. शक्य असेल तर मस्जिदीला येताना शस्त्र घरच्या तिजोरीत कुलूपबंद ठेवूनच यावे.

घाम आणि कापडाचे तूस हे शस्त्राचे वैरी. लूमवर तासभर उभे राहिले की तूस आत शिरते आणि तेलाला चिकटते. आठवड्यातून एकदा शस्त्र रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, पुसावे आणि नावापुरते तेल द्यावे.

शेवटी

जीव वाचवण्यासाठी बचावाचा हक्क कायद्याने दिला आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. पिशवी टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही व्हाल. गर्दीच्या बाजारात चुकलेली गोळी कोणाच्या लेकराला लागेल हे सांगता येत नाही. पैसा पुन्हा कमावता येतो.

शस्त्र ही अमानत आहे. घेतलेच तर ते दिवसभर अंगावर झाकलेले राहो, रात्री कुलपात राहो, आणि अल्लाह करो, आयुष्यभर बाहेर काढण्याची वेळ न येवो.