वॉर्ड नंबर एकचं कोडं

एक कोडं घालते, सोडवाल? रुग्णालय एकच. त्यात बाळंतिणींचे दोन वॉर्ड, शेजारी शेजारी. पण पहिल्या वॉर्डात दर १०० बायकांमागे ११ जणी तापाने दगावतात आणि दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. असं का बरं?

कोडं खरंखुरं आहे हं! १८४६ सालचं, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातलं. तापाचं नाव बाळंतज्वर. त्याची दहशत एवढी, की पहिल्या वॉर्डात नेऊ नका म्हणून बायका रडून विनवण्या करायच्या. त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच ज्या बाळंत व्हायच्या, त्यांना हा ताप क्वचितच यायचा!

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने एकेका संशयिताची झडती घ्यायला सुरुवात केली. गर्दी? ती तर दुसऱ्या वॉर्डातच जास्त. हवा? दोन्हीकडे तीच. बाळंतपणाच्या वेळी झोपायची पद्धत? तीही बदलून पाहिली, काही फरक नाही. मरणाला टेकलेल्या रुग्णासाठी प्रार्थना करायला पाद्री यायचा, तो पहिल्या वॉर्डातून घंटा वाजवत जायचा. घंटेच्या आवाजाने बायका घाबरत असतील का? घंटा बंद केली. ताप काही हटेना!

आता एकच फरक उरला. दुसऱ्या वॉर्डात बाळंतपणं करायच्या सुइणी, पहिल्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. हे विद्यार्थी आधी शवविच्छेदन करायचे, म्हणजे मृतदेह उघडून अभ्यास करायचे, आणि तिथून उठून वॉर्डात यायचे.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचे सहकारी डॉ. याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागली. ते आजारी पडले आणि गेलेच. त्यांच्या आजाराची लक्षणं थेट बाळंतज्वरासारखी! सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मृतदेहातलं काहीतरी सुरीवाटे कोलेच्कांच्या अंगात शिरलं होतं. तेच काहीतरी डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणींपर्यंत जात असणार!

डॉक्टर हात धूत नव्हते का? धुवायचे की, साबणाने. तरी हातांना मृतदेहाचा वास राहायचाच. मग सेमेलवाइसने मे महिन्यात नियम केला, की वॉर्डात शिरण्याआधी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात घासायचे. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर तुम्ही पाहिली असेल, हा चुना त्याच जातीचा. एप्रिलमध्ये १०० मागे १८ जणी दगावल्या होत्या. जूनमध्ये किती? जेमतेम २!

पुढे त्याला कळलं, की जिवंत रुग्णाच्या जखमेतूनही हे संकट हाताला चिकटतं. मग दोन रुग्णांच्या मध्येही हात धुणं आलं. पण ‘आमच्याच हातांनी रोग पसरतो’ हे पुष्कळ डॉक्टरांना पटेना. १८६५ मध्ये सेमेलवाइस वारला. ते ‘काहीतरी’ म्हणजे साखळीसारखे दिसणारे जिवाणू, हे लुई पाश्चरने पॅरिसमध्ये दाखवलं ते १८७९ साली.

आज आपल्याला जिवाणू माहीत आहेत, औषधं आहेत. तरी रुग्णालयात जिवाणूंचा संसर्ग होतोच. कसा? आपली त्वचा म्हणजे किल्ल्याची तटबंदी. तिच्यावर कितीतरी जिवाणू राहतात, पण आत शिरू शकत नाहीत. रुग्णाला मात्र सलाइनची सुई टोचलेली असते, लघवीसाठी नळी असते, ऑपरेशनची जखम असते. तटाला दारंच दारं! त्वचेवर गुपचूप राहणारा स्टॅफिलोकोकस रक्तात पोहोचतो. आतड्यात राहणारा ई. कोलाय लघवीच्या मार्गात शिरतो. काही जिवाणू तर नळीच्या आत चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषधही नीट पोहोचत नाही. त्यातून रुग्ण आधीच अशक्त.

भरीला आणखी एक पेच. रुग्णालयात प्रतिजैविकं, म्हणजे जिवाणू मारणारी औषधं, भरपूर वापरली जातात. त्यांनी लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. म्हणून तिथला संसर्ग हटवायला अवघड जातो. त्यावरचे उपाय मात्र साधे आहेत. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. नळीची गरज संपली, की ती लगेच काढून टाकायची.

आजोबांना भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा तुम्हीही आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर फोनवरच गप्पा मारा. त्यांच्या खाटेवर बसू नका आणि सलाइनच्या नळीला हात लावू नका.

करून पाहा: तळहाताला थोडं तेल लावा, त्यावर चिमूटभर लाल रांगोळी चोळा. मग मित्राशी हात मिळवा, दाराची कडी उघडा, पेला उचला. त्या मित्राला आणखी दोघांशी हात मिळवायला सांगा. आता लाल डाग कुठे कुठे पोहोचले ते शोधा. शेवटी एकाने नुसत्या पाण्याने हात धुवा, दुसऱ्याने साबण लावून, बोटांच्या बेचक्या आणि नखं घासून. कोणाचे हात आधी स्वच्छ होतात?