मालक घामाघूम, कुत्रा कोरडा!

परभणीहून येलदरी धरणाकडे तंबू घेऊन निघालेला माणूस जिंतूर येईतो घामाने निथळतो. सोबतचा कुत्रा कोरडाच. फक्त जीभ लोंबते.

कुत्र्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. त्याचा खरा कूलर नाकातोंडात! कूलरच्या ओल्या वाळ्यातून वारा गेला की खोली गार होते; तशीच धापेची हवा ओल्या जिभेवरून आणि नाकातल्या अस्तरावरून जाते, तिथलं पाणी वाफ होताना अंगातली उष्णता घेऊन जातं. धाप मिनिटाला 300 वेळाही लागते.

टाकी आटली, की मराठवाड्यात कूलरचं काय होतं, हे सांगायला नको. म्हणून सामानात आधी पाण्याचा कॅन आणि पसरट भांडं, तंबू नंतर.

चपट्या नाकाच्या पगचा कूलर मुळातच तोकडा. त्याला उन्हाळ्यात घरीच ठेवा.