कलमाची सुटी

दोन वर्षे आंबा न देणाऱ्या कलमाचे काय करावे? २०२२ च्या दिवाळीत आम्ही सारे अलिबागजवळच्या नागावला, आमच्या वाडीत जमलो होतो, तेव्हा फराळाच्या वेळीच या प्रश्नावरून माझे आणि अण्णांचे वाजले. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वाडी तेच सांभाळतात. आम्ही मुंबईकर आंबे खायला तेवढे हजर!

“लाकूडवाला उद्या येतोय,” अण्णा म्हणाले. “फुकट जागा अडवणाऱ्याला किती दिवस खत घालायचं?”

कलम हापूसचे, आजोबांनी लावलेले. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ वादळात त्याची दोन भावंडे मुळासकट आडवी झाली. हे एकटे वाचले, तेही अर्ध्या फांद्या गमावून. त्यानंतर मोहोर म्हणून नाही. मी कशीबशी एका वर्षाची मुदत मिळवली आणि वकिलाने अशिलाचे कागद चाळावेत तशी आंब्याची माहिती गोळा करू लागलो.

वाचकहो, हापूस मुळातच वर्षाआड फळणारा. भरघोस आंबा दिला की झाडाची साठवलेली शिल्लक आटते. शिवाय वाढत्या बाठ्यांत तयार होणारी काही द्रव्ये पुढचा मोहोर रोखतात. आंबे उतरल्यावर पालवी येते तीही उशिरा, आणि कोवळी काडी मोहोरत नाही. काडी जून झाली, जमीन सुकली आणि रात्री गारठल्या, की मग मोहोर फुटतो. म्हणजे मे महिन्यातल्या आमरसाची तयारी आपण चकल्या खात असतो तेव्हाच चाललेली असते! आमच्या कलमाने वादळानंतरची सारी शिल्लक नव्या फांद्या-पानांवर खर्चली असणार. घर पडलेला माणूस आधी छप्पर घालतो. मुंजीचा बेत मागाहून.

असा जमाखर्च एकटा आंबाच ठेवतो असे नाही. युरोप-अमेरिकेतला ओक वृक्षही एखाद्या वर्षी आपल्या टोपीवाल्या फळांचा सडा घालतो आणि मधली वर्षे हात आखडता घेतो. तिथेही गाठची शिल्लक आणि फुलोऱ्याच्या वेळची हवा यांवर बरेचसे अवलंबून असते.

जानेवारी २०२३ मध्ये अण्णांचा फोन आला. “मोहोरलंय रे!” मार्चमध्ये पुन्हा फोन. आता सूर रडवेला. “कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या आणि गळायला लागल्या. रोज सकाळी खाली सडा!”

मी धीर दिला. मोहोराच्या एकेका तुऱ्यात हजारांवर फुले असतात, पण त्यांतली बहुतेक नर. शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा पिकेपर्यंत टिकत नाही. वाढत्या कैरीतला बाठा देठाला जणू सतत निरोप पाठवत असतो. तो निरोप क्षीण झाला, की देठाच्या सांध्यातल्या पेशी सुटतात आणि कैरी गळते. उन्हाचा तडाखा, तुडतुडे, भुरी आणि अवकाळी पाऊस ही गळती वाढवतात. पण थोडी गळती ही झाडाचीच काटकसर. पोसवतील तेवढीच लेकरे ते अंगावर ठेवते.

दरवर्षी फळणारा आंबा हवा म्हणून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला. तो १९८१ साली प्रसारित झाला. मी अण्णांना तो सुचवला. “लाव की,” ते म्हणाले, “पण रिकाम्या जागी!”

मे महिन्यात आढीत सत्तर आंबे पडले. पहिला अण्णांनी आजोबांच्या तसबिरीपुढे ठेवला.

२०२४ साली कलम पुन्हा रिकामे राहिले. बाजारात लाकूडवाल्याने अण्णांना हटकले, “मग, कधी येऊ?”

“यंदा त्याची सुटी आहे,” अण्णा म्हणाले, आणि खताची पाटी उचलून चालू लागले.