अत्याचारग्रस्ताच्या घरी सातव्या दिवशी काय पोहोचायला हवे?

वस्तीत खून पडला, घर पेटवले गेले, लेकीबाळीवर हात टाकला गेला की पहिले चार दिवस माणसांची रीघ लागते. पुढाऱ्यांच्या गाड्या येतात, तहसीलवर निवेदन जाते, तालुक्याला मोर्चा निघतो. हे सारे व्हायलाच हवे. पण पाचव्या दिवशी डब्यात पीठ नाही, ही गोष्ट त्या घरातल्या बाईलाच ठाऊक असते. तिच्यासाठी कायद्यात काय लिहून ठेवले आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येते, म्हणून हा लेख.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. तो 30 जानेवारी 1990 पासून लागू झाला आणि 31 मार्च 1995 ला त्याचे नियम आले. शिक्षेची कलमे मूळ कायद्यात आहेत. पोटापाण्याची, निवाऱ्याची आणि पैशाची तरतूद या नियमांत आहे. आपले कार्यकर्ते कलमे तोंडपाठ म्हणतात, नियमांचे पुस्तक मात्र क्वचित कुणाच्या पिशवीत सापडते. 1995 साली कमावत्या माणसाच्या खुनाबद्दल 2 लाख आणि न कमावत्याबद्दल 1 लाख अशी रक्कम होती. घरात राबणारी आई त्या हिशेबात ‘न कमावती’ ठरायची! 14 एप्रिल 2016 च्या दुरुस्तीनंतर हा भेद गेला. आता गुन्ह्यानुसार 85 हजारांपासून 8 लाख 25 हजारांपर्यंत मदत ठरलेली आहे आणि पहिली मदत सात दिवसांच्या आत द्यायची आहे.

ही रक्कम एकदम हाती येत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. खुनाच्या प्रकरणात 8 लाख 25 हजारांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर मिळते. बलात्काराच्या प्रकरणात 5 लाख आहेत. त्यातले निम्मे वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्रानंतर आणि उरलेला पाव हिस्सा खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर. सामूहिक बलात्कारात रक्कम 8 लाख 25 हजार आहे. जातिवाचक शिवीगाळ व अपमानाबद्दल 1 लाख असून त्याचा पहिला पाव हिस्सा एफ.आय.आर. नोंदताच द्यायचा असतो. म्हणजे निकालाची वाट पाहत बसा, असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे.

खुनाच्या प्रकरणात याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मयताच्या विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा 5 हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता. कुटुंबातील एकाला नोकरी. शेतजमीन आणि घर, गरज पडल्यास सरकारने विकत घेऊन. मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च. आणि तीन महिने पुरेल इतके तांदूळ, गहू, डाळी व भांडी. जळालेल्या घराच्या जागी सरकारी खर्चाने विटांचे किंवा दगडी घर. भांड्यांपर्यंतचा विचार नियम करणाऱ्यांनी केला आहे. तो दारापर्यंत आणणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे काम, आणि आणवून घेणे हे आपले.

आमच्याकडे आलेल्या एका भगिनीची हकिगत सांगतो. पतीचा खून झाला, पहिला हप्ता मिळाला, आणि घरच्यांना वाटले की सरकारचे देणे संपले. निवृत्तिवेतनाचा अर्ज कुणी केलाच नव्हता. कार्यालयात विचारले तर म्हणे, ‘तुम्ही मागितलेच नाही.’ हा आमच्या मते उर्मटपणाच आहे. पण त्यातून धडा एवढाच की प्रत्येक बाबीची मागणी वेगळ्या अर्जाने, तारखेनिशी, पोच घेऊन करावी. एक प्रत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना. आणि बँकेचे खाते त्या बाईच्याच नावे असावे, दिराच्या नव्हे. दीर वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही, पण पैसा आला की नात्यांची परीक्षा होते.

सगळे अडते ते बहुधा एफ.आय.आर. पाशी. नुसती मारामारीची कलमे लावून अॅट्रॉसिटीचे कलम गाळले तर या मदतीचे दारच बंद. फिर्याद लिहून झाली की वाचून घ्यावी. तिची प्रत फुकट मिळते. ठाणेदार नोंदवत नसेल तर लेखी फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

आपल्या समाजाला एक जास्तीची अडचण येते. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते 1990 च्या दुरुस्तीने. त्याआधी आपण धम्म स्वीकारल्याची शिक्षाच भोगत होतो. आजही फिर्यादीत नुसते ‘बौद्ध’ लिहिले आणि हाताशी दाखला नसला की कागद परत येतो. मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला घरात तयार असावा. मूळ जात लिहिण्याचा मनाला होणारा त्रास आम्हाला कळतो. पण ज्या जातीमुळे घर जाळले गेले, तिचाच पुरावा सरकार मागते आहे.

‘पैसे घेतले, आता केस मिटवा’, अशी कुजबुज गावात सुरू होतेच. कधी आपल्यातलेच कुणी मध्यस्थ म्हणून येतात. सरकारी मदतीचा आणि तडजोडीचा काडीचाही संबंध नाही. मदत घेतल्याने साक्ष दुबळी होत नाही की खटला मागे पडत नाही. उलट, दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागण्याचा हक्कही शाबूत राहतो, असे नियमातच म्हटले आहे. जात कुठलीही असो, गुन्ह्याच्या बळीला भरपाईची वेगळी योजना आहे. पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम 357-अ आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 396 झाले. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी 2013 पासून मनोधैर्य योजनाही आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. आपल्या जिल्ह्यात शेवटची कधी झाली, कोणकोणती प्रकरणे प्रलंबित निघाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. विहाराच्या रविवारच्या बैठकीत एक तरुण या कामाला लावावा.

आणि साक्षीच्या तारखेबद्दल. चौकशीला किंवा कोर्टात जाणाऱ्या पीडिताला, अवलंबितांना व साक्षीदारांना जाण्यायेण्याचे भाडे मिळते, शेतमजुराच्या किमान वेतनाइतका निर्वाह खर्च मिळतो, जेवणाचा खर्च मिळतो. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर सोबतच्या माणसालाही मिळते. ही रक्कम तत्काळ, फार तर तीन दिवसांत द्यायची आहे. एस.टी.चे तिकीट फेकू नका, अर्जाला जोडा.