संदेश थांबला म्हणजे कासव गेले का?

न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर आजारी अवस्थेत सापडलेल्या समुद्री कासवांवर ऑकलंडच्या केली टार्लटन्स मत्स्यालयात उपचार होतात. बरी झालेली कासवे समुद्रात सोडताना काहींच्या पाठीवर उपग्रह टॅग (उपग्रहाकडे संदेश धाडणारे छोटे यंत्र) चिकटवतात. हा टॅग क्षणोक्षणी ठावठिकाणा सांगतो आणि संदेश थांबले की कासव मेले, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही.

टॅगच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून वर पोहोचत नाहीत. कासव श्वासासाठी वर आले आणि त्याच वेळी आकाशात उपग्रह असला, तरच नोंद मिळते. कोकण रेल्वे बोगद्यात शिरली की मोबाइलची रेंज जाते, पण प्रवास चालूच असतो, तसेच हे.

संदेश कायमचे थांबण्यामागेही बहुधा साधी कारणे असतात: बॅटरी संपते, अँटेना तुटतो, टॅगवर शेवाळ चढते किंवा तो गळून पडतो. २०२२ मध्ये कोकणात वेळास, आंजर्ले आणि गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांना लावलेल्या टॅगनाही हेच लागू पडते. मृत्यूची शक्यता उरते, पण केवळ संदेश थांबल्यावरून तो ठरवता येत नाही.

मिळालेल्या नोंदी मात्र मोलाच्या असतात. उपचारानंतर कासव समुद्रात तगले का, ते कुठे राहते आणि संरक्षण कुठे हवे, हे त्यांतूनच कळते.