एका घरात दोन पेशंट

मांजर आजारी आहे आणि तिला एक दिवसाआड सलाईन द्यावं लागतं, असं सांगितलं की समोरची बाई आधी हसते. मग आपला चेहरा बघून गप्प होते आणि शेवटी न राहवून विचारतेच, ''पण मांजरच ना?'' त्यात घरातलं माणूसही आजारी असेल, मुलांची परीक्षा असेल, पैशांची ओढाताण असेल, तर मग बघायलाच नको. ''तुला बरा वेळ मिळतो बाई!'' हे वाक्य ठरलेलंच.

मैत्रिणींनो, वर्षभर मी हे वाक्य ऐकलं. देवळात, भाजी मंडईत, भिशीत, अगदी डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरसुद्धा. कुत्र्या-मांजरांच्या लाडांवर पुष्कळ लिहिलं जातं. पण घर आधीच अडचणीत असताना मुक्या जिवाचं दुखणं काढायची वेळ येते, तेव्हा बाईची जी तारांबळ उडते तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच!

आमचं घर वाईला. सासू-सासरे, आम्ही दोघं, एक मुलगी आणि मनी. मनी २०१० साली आली, तेव्हा लेक पाच वर्षांची होती. २०२२ च्या गणपतीत सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या, पायांना सूज आली. तपासण्या झाल्या आणि दिवाळीच्या आत डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला. सरकारी योजनेत बसल्यामुळे डायलिसिसचे पैसे वाचले, पण गाडीभाडं, रक्त वाढायची इंजेक्शनं, बाहेरचं चहापाणी हे सगळं होतंच. लेक बारावीला. ह्यांची नोकरी कारखान्यातली, पाळ्यांची. साताऱ्याच्या फेऱ्या बहुतेक माझ्याच वाट्याला.

आण्णांना दिवसाचं पाणी मोजून. डाळीचं पाणी, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. ओसरीवरच्या कॉटवर ते पडलेले असायचे आणि समोरच नळाखाली बादली. एक दिवस मला हाक मारून म्हणाले, ''सूनबाई, ही मनी बघ. सकाळपासून पाचव्यांदा पाणी प्यायली. माझ्या वाटची तहान हिलाच लागलेली दिसतेय!''

आम्ही हसलो. पण तहानलेल्या माणसाचं पाण्याकडे बरोबर लक्ष असतं. दोन दिवस मी नजर ठेवली. मनी खरंच सारखी पाणी पीत होती, वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे होत होते, आणि पाठीवरून हात फिरवला तर मणका हाताला लागत होता.

तहान का लागते?

आमच्या गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते. तरी तिथल्या डॉक्टरांनी मनीला नीट तपासलं, रक्त घेतलं आणि शंका नको म्हणून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून यायला सांगितलं. क्रिएटिनिन निघालं ४.२. मांजरांच्या मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. त्यातली ही तिसरी.

म्हणजे सासऱ्यांना आणि मांजराला एकच दुखणं! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार खूप आढळतो. तो बरा होत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो. मूत्रपिंडाचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही, त्यामुळे कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्यातून मांजराची जात दुखणं लपवणारी. आजारी मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, शरीरातलं पाणी भसाभस बाहेर जातं आणि ते भरून काढायला मांजर सारखी पाणी पिते. म्हणून तिचं पाणी कधीच तोडायचं नाही.

बघा, दुखणं एकाच अवयवाचं, पण पथ्य उलटं! आण्णांना लघवी जवळजवळ होतच नव्हती, म्हणून प्यायलेलं पाणी अंगात साठायचं. त्यांच्यासाठी भांडं मोजायचं आणि मनीच्यासाठी घरात चार ठिकाणी वाट्या भरून ठेवायच्या. आण्णांना पोटॅशियम वाढू नये म्हणून केळं, नारळपाणी बंद. मनीचं पोटॅशियम लघवीतून निघून जाईल अशी भीती. फॉस्फरस मात्र दोघांनाही कमी हवं, म्हणून दूध दोघांचंही कमी केलं. आई, म्हणजे सासूबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, ''मांजराला दूध नाही? मग मांजर कसली ती!'' खरं तर बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आणि नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगू नये. तिला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं.

सुई धरायला शिकले

डॉक्टरांनी रिंगर लॅक्टेटची बाटली लिहून दिली. एक दिवसाआड ७५ मिली, कातडीखाली. दर वेळी दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच शिकवलं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी पोकळी होते, तिच्यात सुई घालायची. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. लेकीनं मनीला टॉवेलात गुंडाळून धरलं होतं आणि मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते! आठवड्याभरात हात बसला. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली की मनी कमी कुरकुरायची. सलाईननंतर तिच्या पाठीवर पाण्याचा उंचवटा यायचा, तो काही तासांत जिरायचा. वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात नेऊन द्यायची.

आण्णा कॉटवरून हे सगळं बघत असायचे. त्यांच्या हाताला फिस्टुला, हिच्या पाठीत सुई. सातारची फेरी असली की निघताना मला विचारायचे, ''तिचं झालं का? मग चल, आता माझं करून आणू.'' एरवी डायलिसिसला जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून त्यांचा चेहरा उतरायचा. मनीची सलाईन सुरू झाल्यापासून निदान निघताना तरी ते बोलायला लागले. फिस्टुलाच्या हाताला ओरखडा लागू नये म्हणून मनीला कॉटवर चढू देत नव्हतो आणि तिचा ट्रे मागच्या पडवीत हलवला होता. तिला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मी आण्णांच्या जवळ जात नसे.

पैशाचं बोलणं

एवढं सगळं सुरळीत चाललं असतं तर काय हवं होतं! जानेवारीत वन्सं वडिलांना भेटायला आल्या. त्यांनी स्टँडला टांगलेली बाटली बघितली, मांजर बघितली आणि तोंड फिरवून म्हणाल्या, ''आण्णांच्या इंजेक्शनाच्या वेळी पैसे नाहीत म्हणता, आणि इथं मांजराला सलाईन!''

मैत्रिणींनो, ते बोलणं लागलं. पण त्यांचा रागही मला कळत होता. बाप डोळ्यांदेखत खंगत होता, त्या रागाला कुठं तरी वाट हवीच होती. मी भांडले नाही. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मनीचा खर्च त्याच पैशातून व्हायचा आणि त्यासाठी वेगळा डबा ठेवला होता. तो डबा आणि खर्चाची वही मी वन्संपुढे ठेवली. आण्णांच्या औषधातला एक रुपयाही इकडे वळला नव्हता. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. दोन महिने फोनवर आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं झालं.

गंमत म्हणजे माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या त्या आई. मांजर सटवाईचं वाहन, आणि मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही त्यांची पक्की समजूत. ''सोन्यापेक्षा सलाईन स्वस्त पडली,'' असं त्या वन्संना म्हणाल्या!

घराचं टेन्शन तिलाही कळतं

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. लेक रात्री जागायची, आण्णांचा दम वाढला, आमचे आवाज चढायला लागले. मनीनं खाणं सोडलं, ट्रे सोडून पायपुसण्यावर लघवी करायला लागली. मला वाटलं, आजार वाढला. पण क्रिएटिनिन होतं तेवढंच होतं.

डॉक्टर म्हणाले, घरात काय चाललंय? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की खाण्याची वेळ, सांभाळणारं माणूस, रोजचा क्रम बदलला की धडधाकट मांजरंसुद्धा खाणं कमी करतात, उलट्या करतात, ट्रेबाहेर घाण करतात. मग आधीच आजारी असलेल्या मांजराची काय कथा! आणि मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, तर अंगातली चरबी यकृतात साठून नवंच दुखणं उभं राहतं. त्यामुळे 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत चालत नाही.

उपाय साधाच होता. लेकीच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मनीला जुनी गोधडी घालून जागा करून दिली. जेवण सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मी असो वा नसो. साताऱ्याच्या दिवशी शेजारच्या काकू द्यायच्या. चार-पाच दिवसांत मनी खायला लागली. लेक म्हणाली, ''आई, तिच्यामुळे मलाही सात वाजता जेवायला मिळतंय!'' हसण्यावारी नेलं, पण खरंच होतं. त्या घरात तेवढी एकच गोष्ट घड्याळावर चालली होती.

आण्णा २०२३ च्या पावसाळ्यात गेले. तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, मनी कपाटातून बाहेर पडेना. तिसऱ्या दिवशी रात्री मी सगळं आवरून खोलीत गेले, तर वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. कोमट केलेली चिकनची पेस्ट बोटाला लावून मनीच्या तोंडाजवळ धरली होती. शेजारच्या काकूंनी सुतकाच्या घराबाहेर शिजवून दिली होती म्हणे. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ''आज हिची सलाईन असते ना? आण्णा फोनवर सांगायचे.''

त्या रात्री बाटली वन्संनी धरली.

मनी पुढे सात-आठ महिने चांगली राहिली. २०२४ च्या होळीच्या आसपास तिनं खाणं पूर्ण टाकलं, सलाईन अंगात जिरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता सुई टोचून तिला त्रासच होईल. आम्ही थांबलो. दोन दिवसांनी कपाटातल्या गोधडीवरच ती गेली.

कुणाला उपयोग होईल म्हणून...

सात-आठ वर्षांवरचं मांजर जास्त पाणी प्यायला लागलं, वाळलं, तोंडाला वास यायला लागला तर रक्त-लघवी तपासून घ्या. महिन्यातून एकदा वजन करा. आधी मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग नुसतं आपण.

घरात आजारी माणूस असलं की औषधांचा ढीग असतो. त्यातलं एकही औषध आपल्या मनानं मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजराचा जीव जाऊ शकतो. मनीला रक्तदाबासाठी जी गोळी होती, तिचं नाव आणि आण्णांच्या गोळीचं नाव एकच होतं. पण मनीला डॉक्टरांनी ठरवून दिलेला चतकोर तुकडा. दोन्ही डबे वेगळ्या फळीवर ठेवा. सलाईन किती द्यायचं तेही डॉक्टरच ठरवतील. जास्त झालं तर हृदयावर आणि फुफ्फुसांवर ताण येतो.

कांदा-लसूण घातलेला रस्सा, सुकट, खारे बोंबील देऊ नका. अन्न थोडं कोमट करून द्या. वासानं मांजराला भूक लागते. फुलदाणीत लिलीची फुलं ठेवू नका. ती मांजराच्या मूत्रपिंडाला विषासारखी असतात.

आणि खर्चाची मर्यादा आधीच ठरवा, घरच्यांना सांगून ठरवा. लपवून केलं की त्याचा बोभाटा होतो.

मनीच्या दोन बाटल्या उरल्या होत्या, त्या मी दवाखान्यात देऊन आले. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. भुईंजहून आली होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पदरात दोन वर्षांचं मूल आणि मांजराचं क्रिएटिनिन वाढलेलं. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, ''ताई, जमेल का हो मला? घरातले काय म्हणतील?''

मी म्हटलं, ''आधी कातडी चिमटीत कशी धरायची ते बघ. घरातल्यांचं आपण नंतर बघू.''